दगडावरचा पूर्वपक्ष

संपादकांनी फोनवर सांगितलं, "नोकरीतल्या गमतीजमती लिहा. हलकंफुलकं हवं. दिवाळी अंक आहे." मी बरं म्हटलं. पण लिहायला बसलो की डोळ्यांपुढे संगमरवराची एक शिळा येते, तिच्यावरची सोनेरी अक्षरं येतात, आणि शिळेखालच्या पायरीवर बसलेली कौसाबाई येते. मग हलकंही सुचत नाही आणि फुलकंही. तेव्हा आधीच सांगतो, हा लेख रागात लिहिला आहे. चकली तोंडात असेल तर आधी गिळून घ्या.

कौसाबाई म्हणजे टीकाबाबांच्या समाधीवर संध्याकाळचा दिवा लावणारी बाई. गाव घाटनांदूरच्या पुढे, आडबाजूला. नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथे जायचं आहे. तिचं घर मेंढरांचं. नवरा आणि लेक चाऱ्यामागे मुलूख फिरतात, ही मात्र मागे राहते, कारण ती गेली तर दिवा कोण लावणार? सासूकडून तिला तो दिवा आला, सासूला तिच्या सासूकडून. आता तिला गाभाऱ्यात जाऊ देत नाहीत. आणि अडवलं कशाच्या आधारावर, तर म्हणे खुद्द टीकाबाबांच्या वचनाच्या. ते वचन टीकाबाबांचं नाही. ते त्यांच्या विरोधकाचं आहे. एवढी साधी गोष्ट पटवण्यात माझी काय फरफट झाली ते सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी माझा धंदा समजून घ्यावा लागेल.

एका संशोधन संस्थेसाठी जुन्या हस्तलिखित पोथ्या गोळा करणं, हे माझं काम. अंबाजोगाईत बिऱ्हाड आणि जिल्हाभर भटकंती. कागदोपत्री हुद्दा भारदस्त होता, पण खेड्यात मी 'पोथीवाला'. एका घरी तर बाईंनी दारातूनच हाकललं, "आमच्याकडं जुनी लुगडी न्हाईत, पुढं जावा." खांद्याला पिशवी बघून त्यांना मी भांड्यांवर कपडे घेणारा वाटलो. चष्मा लावून गेलो की मास्तर म्हणत. शिकवलं मी कधीच नाही, पण तेच नाव चिकटलं.

नवख्या माणसाची पहिली चूक म्हणजे दारात उभं राहून विचारणं, "तुमच्याकडे पोथी आहे का?" उत्तर ठरलेलं, "न्हाई." असली तरी न्हाई. आधी ओसरीवर बसायचं, पाणी प्यायचं, जनावरांची चौकशी करायची, कोणाची सोयरीक कुठे झाली ते ऐकायचं. मग हळूच विचारायचं, "दसऱ्याला सरस्वती मांडता, तेव्हा पाटावर काय ठेवता?" मग घरातली म्हातारी आत जाते आणि लाल कापडात बांधलेलं एक गाठोडं छातीशी धरून बाहेर येते. त्या कापडाला बासन म्हणतात. एखादं काम बासनात गुंडाळलं असं आपण सहज बोलतो ना, तेच हे बासन. त्यात दोन लाकडी फळ्या, आणि फळ्यांमध्ये लांबट, सुटी पानं. शिवण नाही, बांधणी नाही. लिहिणाऱ्याची चूक झाली की त्यावर पिवळा हरताळ फासून वर पुन्हा लिहायचं. हरताळ फासणारे आज पुष्कळ आहेत, वर पुन्हा लिहिणारे राहिले नाहीत.

पोथी संपली की नकलणारा शेवटी हात जोडून विनवणी लिहून ठेवत असे. मला पाण्यापासून जपा, तेलापासून जपा, सैल बांधू नका, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पोथीच जणू बोलते आहे. माझी सगळी नोकरी या विनवणीची राखण करण्यात गेली. सगळ्यात मोठी वैरीण म्हणजे तेलाची समई. देवघरात ती पोथीच्या शेजारी असते, तिची काजळी पानांवर बसते आणि अक्षरं बुडून जातात. "पोथी दिव्यापासून लांब ठेवा हो," हे वाक्य मी इतक्या घरांत बोललो आहे की झोपेत बरळत असेन. लोकांना माझं बोलणं अभद्र वाटायचं. देवापासून दिवा लांब करायला सांगणारा हा कोण?

वडवणीच्या एका घरी बाजाराच्या दिवशी पोचलो. म्हातारी मोठी भाविक. सासरी आल्यापासून दर गुरुवारी पोथीवर पंचामृत शिंपडत आलेली. दूध, दही, तूप, मध, साखर. बासन सोडलं तर आतून वीट निघाली. पानं एकमेकांना अशी चिकटली होती की करवत लावली तरच सुटावीत. मी नखाने एक कड उचलू बघत होतो, तर म्हातारीने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "बघा मास्तर, किती जागृत हाय! उघडू देत न्हाई कुणाला." तिच्या हातचा चहा प्यालो आणि उठलो. तिचा राग आला नाही. तिला कुणीच सांगितलं नव्हतं की हे वाचायचं असतं.

राग येतो तो सांगूनही न ऐकणाऱ्यांचा. माजलगावकडच्या एका गृहस्थांना मी तीनदा निरोप धाडला होता की पोथी देऊ नका, विकू नका, मी येतोय. गेलो तर ते प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "सोडली की गंगेत. लेकरं शहरात गेली, सोवळं कोण पाळणार? चांगला मुहूर्त बघून, वाजतगाजत सोडली." म्हणजे वाचायला माणूस नव्हता, बुडवायला मात्र बँड होता. त्या दिवशी मी गोदावरीच्या काठावर बसून शिव्या दिल्या. कोणाला ते मलाच कळलं नाही.

आता टीकाबाबा. हे त्यांचं खरं नाव नव्हे. पोथीत ते स्वतःला गुरूच्या पायांची धूळ म्हणतात आणि पुढे जातात. एका जुन्या वेदांतग्रंथावर त्यांनी मराठीत टीका लिहिली, म्हणून गाव त्यांना टीकाबाबा म्हणतं. टीका म्हणजे अवघड ग्रंथाचा उलगडा. आपल्या मध्ययुगात असले टीकाकार गावोगाव होऊन गेले. ना राजाश्रय, ना पालखी. दिवसा घरचं काम आणि संध्याकाळी दौत, बोरू, दिवा. यांच्या चरित्रातलं जे काही खात्रीचं आहे ते पोथीच्या समासात आहे. एके ठिकाणी कडेला बारीक अक्षरात लिहिलं आहे, 'तेल सरलें.' पुढच्या ओळीपासून शाई वेगळी आहे. म्हणजे तेल आलं आणि काम पुढे चालू झालं. एवढ्या दोन शब्दांत मला तो माणूस दिसला. ब्रह्म आणि माया यांचा हिशेब लावत बसलेला, आणि दिव्यात तेल नाही म्हणून चडफडणारा.

तेल कुठून आलं ते पोथी सांगत नाही, गाव सांगत असे. माळावरच्या धनगराच्या घरून आलं. तेव्हापासून समाधीचा दिवा त्या घराकडे. ही गोष्ट मी गावातल्या चारचौघांकडून ऐकली आहे. हल्ली समाधीजवळ जो फ्लेक्स लागला आहे त्यावर वेगळं लिहिलं आहे, 'बाबांच्या तपसामर्थ्याने दिवा तेलावाचून अखंड तेवत राहिला.' चमत्कार झाला आणि तेल देणारं घर गोष्टीतून गळालं. असले चमत्कार फार सोयीचे असतात.

ही पोथी बाबांच्या वंशजांकडे होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घरचे म्हातारे अण्णा हयात होते. त्यांचा नियम असा की सोवळं नेसून वाचा, पण लेखणी आणायची नाही, पोथी उतरवून घ्यायची नाही. मी बरेच दिवस जाऊन बसलो आणि अख्खी वाचली. आयुष्यात त्यासारखं दुसरं वाचन झालं नाही. आणि इथे टीकाकारांची एक रीत सांगणं भाग आहे, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

चांगला टीकाकार आपलं मत एकदम मांडत नाही. आधी विरोधकाला बोलू देतो. विरोधकाचं म्हणणं म्हणजे पूर्वपक्ष. बाबा त्याला साध्या भाषेत 'शंका' म्हणतात. तो विरोधक समोर नसतो, म्हणून टीकाकार स्वतःच त्याची वकिली करतो आणि प्रामाणिक असेल तर विरोधकापेक्षाही झकास करतो. पानंच्या पानं त्याच्या बाजूने लिहितो. वाचणाऱ्याला वाटावं की आता याला उत्तरच नाही. मग शड्डू ठोकून उत्तराला उभा राहतो. उत्तर म्हणजे सिद्धांत, आणि तेच त्याचं मत. समोरच्याला पुरतं बोलू देऊन मग खोडायचं, ही सभ्यता या लोकांनी शाईने जपली. आपण ती टीव्हीवर रोज कशी पाळतो ते सगळे बघतातच.

बाबांच्या पोथीच्या साधारण मध्यावर अशीच एक शंका आहे. विरोधक विचारतो, ज्ञान मराठीत कशाला आणता? बायाबापड्या ऐकतील, गुरंमेंढरं राखणारे ऐकतील, त्यांना अधिकार काय? बाबा त्याला मनमुराद बोलू देतात. शेवटी विरोधक निर्वाणीचं बोलतो, 'अधिकारेंविण ज्ञानाचा उंबरा शिवों नये.' तिथे पान संपतं. पान उलटलं की बाबांचं उत्तर सुरू होतं, आणि ते असं आहे की मी सोवळ्यातच टाळी वाजवली होती. अण्णा आतून म्हणाले, "पोचलात वाटतं तिथं."

अण्णा गेले आणि दोन भावांत वाटणी झाली. थोरले दिगंबरराव गावातच राहिले, धाकटे वामनराव परळीला गेले. जमीन वाटली, भांडी वाटली, देव वाटले. आणि आपल्याकडची ती जुनी रीत, की वाटणीत कुणाला कमीजास्त नको, म्हणून पंचांनी पोथीही वाटली. बासन सोडलं, पानं मोजली, वरची अर्धी थोरल्याला, खालची अर्धी धाकट्याला. फळ्या दोन होत्या, त्या एकेक. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. उलट पंच म्हणाले असतील, कसा चोख न्याय केला! पंचांनी जिथे हात घातला, ती जागा नेमकी त्या शंकेच्या आणि उत्तराच्या मधली होती. म्हणजे थोरल्याकडे प्रश्न गेला आणि उत्तर धाकट्याकडे.

मी कळताच धावत गेलो. दिगंबररावांना म्हटलं, निदान फोटो तरी काढू द्या. ते म्हणाले, "घरच्या देवाचे फोटो काढत न्हाईत." वामनरावांनी तर दार अर्धंच उघडलं. म्हणाले, "दादाचं नाव काढणार असाल तर आत येऊ नका." अशीच वर्षं गेली, मी निवृत्त झालो, आणि गावात समाधीचा जीर्णोद्धार निघाला.

विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब. मोठे बागाईतदार, राजकारणातलं वजनदार नाव, हसतमुख माणूस. समाधीला संगमरवर लागला, स्टीलचा कठडा लागला, कमान झाली. दाराशेजारी बाबांचं एखादं वचन हवं असं ठरलं. दिगंबररावांनी आपल्या अर्ध्या पोथीतलं शेवटचं पान काढलं आणि त्यातलं शेवटचं वाक्य दिलं. शेवटचं म्हणजे निष्कर्षच असणार, असा त्यांचा हिशेब! शिळेवर सोन्याची अक्षरं उमटली: 'अधिकारेंविण ज्ञानाचा उंबरा शिवों नये.' खाली 'टीकाबाबा'. ज्या वाक्याशी तो माणूस दिव्यात तेल घालघालून भांडला, त्याच वाक्याखाली त्याची सही.

मला हे कळलं ते कौसाबाईकडून. उन्हाळ्यात सहज गेलो होतो, तर ही कठड्याबाहेर, पायरीवर दिवा घेऊन बसलेली.

"बाहेर कावून बसलीस गं?" मी विचारलं.

"आत जाऊ देत न्हाईत, मास्तर. पाटी लागली ना. बाबानीच लिवून ठिवलंय म्हणं, आमाला अधिकार न्हाई. आता आतला दिवा पुजारी लावतो. लाइटीचा हाय, बटन दाबलं की लागतो."

"तू काय म्हणालीस?"

"म्या काय म्हणू? म्या वाचू व्हय?" मग म्हणाली, "पर मास्तर, बाबानी आसं लिवलं आसंल तर मंग मपल्या सासूच्या सासूला दिवा कावून दिला? येवढ्या दिस त्यांना ठावं नव्हतं का, कोन लावतंय ते?"

ती रडत नव्हती. तिला खरंच कोडं पडलं होतं. जन्मभर ज्याची सेवा केली, त्यानेच आपल्याला हाकललं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिला म्हटलं, "त्यांनी नाही लिहिलं. त्यांनी उलट लिहिलंय." ती म्हणाली, "मंग दावा की."

तडक आबासाहेबांकडे गेलो. बैठकीत माणसं होती. मी पूर्वपक्ष, सिद्धांत, सगळं समजावलं. ते सुपारी कातरत ऐकत होते. चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा मी म्हटलं, "आबासाहेब, तुम्ही प्रचारसभेत म्हणता की नाही, विरोधक म्हणतात आबासाहेबांनी गाव लुटलं, आता मी त्यांना उत्तर देतो?"

"म्हणतो की."

"उद्या तुमच्या फोटोखाली कुणी एवढंच कोरलं, 'आबासाहेबांनी गाव लुटलं', आणि खाली तुमचीच सही केली, तर?"

बैठकीतला एक जण फसकन हसला. आबासाहेब त्याच्याकडे वळून म्हणाले, "ए बे, दात आत घे." मग मला म्हणाले, "मास्तर, तुमी शिकलेले मानसं. पर पोथीत जे हाय ते आमी लावलं. उत्तर हाय म्हणता, तर दावा. तुमच्या डोक्यातलं पान दगडावर कसं कोरू?"

खरं तर यात त्यांचं चुकलं नव्हतं. पुरावा हवाच. आणि पुरावा परळीला, अर्ध्या उघडणाऱ्या दाराआड.

वामनरावांकडे मी किती खेटे घातले ते सांगत नाही. ज्ञान, परंपरा, संशोधन, सगळं सांगून झालं. कौसाबाईबद्दल सांगितलं तेव्हा ते विरघळले खरे, "चांगली बाई हो, आईला ताक आणून द्यायची," म्हणाले, पण बासनाला हात लावेनात. वाटणीनंतर त्यांनी ते एकदाही सोडलं नव्हतं. "दादाच्या पानांना माझी पानं लागू देणार नाही," एवढंच. शेवटी मी वैतागून उठलो आणि चपला घालताना बोलून गेलो, "ठीक आहे. थोरल्यांकडे नुसता प्रश्न राहिला आणि उत्तर तुमच्याकडे राहिलं, हे जगाला कळायचं नसेल तर राहू द्या."

"काय म्हणालात?"

"दिगंबररावांच्या वाट्याला फक्त विरोधकाचं बोलणं आलंय. बाबा स्वतः बोलतात ते तुमच्या पानांत. पहिल्याच पानावर."

वामनराव सरळ बसले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडावर असं तेज मी पाहिलं नव्हतं. "म्हणजे दादाला चुकीचा वाटा आला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चुकीचा नाही, अर्धा." पण त्यांना हवं ते त्यांनी ऐकलं होतं. "अगं, ऐकलंस का, सोवळं काढ," असं आत ओरडत ते उठले. शास्त्रार्थाने जे झालं नाही ते भाऊबंदकीने एका क्षणात केलं. मराठी माणसाचा मी अभ्यास करायला हवा होता, पोथ्यांचा उगाच केला.

बासन सुटलं. कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या, पण मजकूर शाबूत. पहिलं पान मी हातात घेतलं. ते तिथेच होतं. मी मोठ्याने वाचलं:

'दीप जयाचे हातीं, तयासि उजेडाचा अधिकार नाहीं, ऐसें जो म्हणे, तेणें हें वाक्य अंधारीं वाचोनि दाखवावें.'

वामनरावांनी पान स्वतःच्या हातात घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "अण्णा हे म्हणायचे. जेवताना म्हणायचे. मला वाटायचं, त्यांचंच आहे."

माघातल्या उत्सवाला वामनराव गावात आले. वाटणीनंतर पहिल्यांदाच. काखेत बासन, छाती पुढे, जणू खटला जिंकायला निघालेत. मंडपात दोन्ही भाऊ समोरासमोर बसले, मध्ये पाट. दिगंबररावांनी त्यांचं शेवटचं पान ठेवलं, वामनरावांनी त्यांचं पहिलं. दोन्ही पानांच्या कडेचा पाण्याचा जुना डाग एकाला एक जुळला. दिगंबररावांनी तो डाग बघितला आणि खाली मान घातली. मी माईकवर आधी शंका वाचली, मग उत्तर वाचलं, अर्थ सांगितला. माणसं माना डोलवत होती. कौसाबाई मंडपाच्या कडेला, बायकांत उभी होती. उत्तर वाचलं तेव्हा तिने दोन्ही हात कानशिलांवर नेऊन बोटं मोडली, लेकराची दृष्ट काढावी तशी. बाबांचीच काढली तिने.

मला वाटलं, संपलं. जिंकलो.

मग आबासाहेब उठले. त्यांनी भाषण केलं. विषय शिळा नव्हता, उत्तर नव्हतं, विषय होता 'दुभंगलेलं घर जोडलं'. मंडळाच्या प्रयत्नांनी दोन भाऊ एकत्र आले. टाळ्या. मला शाल, नारळ. फोटो. मी शिळेचं विचारलं, तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, तुमचं खरं हाय, मानलं. पर शिळा मुहूर्तावर बसवलेली, मोठे महाराज बोलावून त्यांच्या हातून पूजा झालेली. आसं उखडत नसतेत. तुमच्या उत्तराची दुसरी शिळा बसवू की शेजारी. पुढच्या साली बघू."

"आणि तोवर?"

"तवर हाय ते ऱ्हाऊ द्या. काय बिघडतंय?"

काय बिघडतंय! कौसाबाई कठड्याशी गेली होती. तिथल्या सेवेकऱ्याला तिने विचारलं, "आता जाऊ का आत?" तो पोरगा वाईट नव्हता, ओशाळला. म्हणाला, "मावशे, म्या ऐकलं गं समदं. पर पाटी हाय तवर मला न्हाई सोडता येत." आणि माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं.

मी तिच्याजवळ गेलो. एवढे दिवस पिसाटासारखा फिरलो, उत्तर सापडलं, वाचलं, सगळ्यांनी मान्य केलं, आणि फरक काही पडला नाही. विरोध झाला असता तर लढता आलं असतं. मान्य करून बासनात गुंडाळलेल्या गोष्टीशी कसं लढायचं? कौसाबाईच मला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मास्तर. बाबानी मला हाकललं न्हाई, येवढं कळलं. लई झालं." आणि तिने दिवा ठेवला. कुठे? आत जाता येत नव्हतं, कठड्याबाहेर वारा. आडोसा एकच होता, कठड्याच्या अलीकडचा, दाराशेजारचा कोनाडा, नेमका त्या शिळेच्या खाली.

पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा शिळेच्या खालच्या अंगाला करडी छटा आली होती. त्याच्या पुढच्या वेळी 'टीकाबाबा' ही अक्षरं धुरकटली होती. मंडळाने माणूस लावून शिळा पुसून घेतली. कौसाबाईने संध्याकाळी दिवा लावला. पुन्हा पुसली, तिने पुन्हा लावला. तिला कुणी लावू नको म्हणू शकत नाही, कारण कठड्याबाहेर दिवा लावायला कुणाची मनाई नाही, आणि दिवा विझवण्याचं धाडस गावात कुणाला नाही. संगमरवर तेलकट काजळी पितो. आता पुसून जात नाही. वरच्या ओळीतलं 'शिवों नये' गेलं. 'उंबरा' जाण्याच्या बेतात आहे. तिचा काही हेतू नाही, तिला फक्त वाऱ्यापासून दिवा वाचवायचा आहे. हेतू माझा आहे.

आयुष्यभर घराघरांत जाऊन मी दिव्यांच्या विरुद्ध बोललो. काजळीपासून अक्षरं वाचवणं, हीच माझी नोकरी होती आणि तिच्यावर माझी पेन्शन चालू आहे. आता दर महिन्याला अंबाजोगाईच्या घाण्यावरून करडईच्या तेलाचा डबा घेतो, एसटीत मांडीवर धरून बसतो, आणि कौसाबाईच्या ओट्यावर नेऊन ठेवतो. ती म्हणते, "येवढं कशाला, मास्तर? बारीक वात पुरते." मी म्हणतो, "मोठी लाव."